बांधावरील औषधी वनस्पती : दाह व सूज यांवरील गुण आणि त्या गुणांच्या मर्यादा

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिम अंगास छावणीचा भाग आहे. येथे दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद या बाजूंचे शेतकरी बैल, शेळ्या व भाजीपाला घेऊन या बाजारास येतात आणि परतताना घरचे सामानसुमान नेतात. मराठवाड्यातील बहुतेक आठवडी बाजारांच्या कडेला मुळ्या, साली, सुकलेली पाने आणि चूर्णाच्या पुड्या मांडून बसलेले विक्रेतेही आढळतात. गुडघा धरला, कंबर आखडली, पाय सुजला की पुष्कळ लोक प्रथम त्यांच्याकडे वळतात. विशेष हे की, तेथे पैसे देऊन घेतलेल्या वनस्पतींपैकी कित्येक त्याच शेतकऱ्याच्या बांधावर, नाल्याकाठी किंवा परसात उगवलेल्या असतात.

या वनस्पतींत खरोखर गुण आहे काय? असल्यास तो कशामुळे आहे, तो टिकवावा कसा आणि त्यावर कोठपर्यंत विसंबावे? हे प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना वारंवार विचारले जातात. ‘सर्व झाडपाला निरुपयोगी’ हे उत्तर जसे चुकीचे, तसेच ‘झाडपाल्याने अपाय होतच नाही’ हे उत्तरही चुकीचे होय. योग्य उत्तर देण्यासाठी विषयाची थोडी मूलभूत माहिती असणे आवश्यक आहे.

दाह म्हणजे काय?

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते व ठणकते. यालाच दाह म्हणतात. दाह हा मुळात रोग नव्हे; ती शरीराची राखण आहे. जखमेच्या जागी रक्ताचा पुरवठा वाढतो, जंतूंशी झुंजणाऱ्या पेशी तेथे गोळा होतात आणि झीज भरून काढण्याचे काम सुरू होते. काम संपले की दाह आपोआप ओसरतो. परंतु काही वेळा तो ओसरत नाही. सांध्यांत, रक्तवाहिन्यांत किंवा यकृतात तो महिनोन् महिने धुमसत राहतो. अशा दीर्घकालीन दाहाचा संबंध संधिवात, हृदयविकार व मधुमेह यांच्याशी असल्याचे आढळून आले आहे.

दाह शमविणारे औषध कसे कार्य करते, हे समजण्यास ॲस्पिरिनचे उदाहरण उपयोगी आहे. युरोपात विलो झाडाची साल ताप व वेदना यांवर पूर्वापार वापरली जात असे. १८२८ साली त्या सालीतील सॅलिसिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच कुळातील ॲस्पिरिन १८९७ साली शुद्ध स्वरूपात तयार झाले. मात्र ते कार्य कसे करते, हे १९७१ साली जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. दाह वाढविणारी प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये शरीरात तयार होण्याची क्रिया ॲस्पिरिनमुळे रोखली जाते. या शोधासाठी त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एका झाडाच्या सालीपासून मात्रा ठरविलेल्या गोळीपर्यंतचा हा प्रवास दीर्घ काळाचा आहे. आपल्याकडील बहुतेक औषधी वनस्पती या वाटेवर अजून मध्येच आहेत, हे लक्षात ठेवावे.

ऑक्सिडीकरण आणि त्यास आळा घालणारी द्रव्ये

चिरलेले वांगे उघडे राहिले की काळे पडते. शेंगदाण्याचे तेल फार दिवस राहिले की खवट होते. या दोन्ही ठिकाणी हवेतील प्राणवायूची क्रिया घडलेली असते; तिला ऑक्सिडीकरण म्हणतात. आपल्या शरीरातही अन्नापासून शक्ती निर्माण होत असताना अशीच क्रिया सतत चालते आणि तिच्यातून काही अतिशय चंचल कण निर्माण होतात. कडब्याच्या गंजीत पडलेली ठिणगी जशी एका पेंढीवरून दुसरीवर जाते, तसा हा चंचल कण शेजारच्या रेणूस बिघडवितो, तो पुढच्या रेणूस, आणि साखळी सुरू होते. ही साखळी तोडणाऱ्या द्रव्यांना ऑक्सिडीकरणरोधक किंवा अँटिऑक्सिडंट असे म्हणतात. चिरलेल्या फोडीस लिंबाचा रस लावला की ती उशिरा काळी पडते, यामागेही रसातील आंबटपणा व क जीवनसत्त्व यांचेच कार्य असते.

दाह व ऑक्सिडीकरण यांचे नाते जवळचे आहे. दाहाच्या जागी जमलेल्या पेशी जंतू मारण्यासाठी हेच चंचल कण मुद्दाम तयार करतात. म्हणून ते समूळ नाहीसे करणे इष्ट नव्हे. ते मर्यादेत राहणे इष्ट आहे. शरीराजवळ त्यासाठी स्वतःची विकरे असतात. आहारातील भाज्या, फळे व मसाले त्यांना साह्य करतात.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. प्रयोगशाळेतील नळीत जे द्रव्य ऑक्सिडीकरण जोराने थांबविते, ते शरीरातही तितक्याच जोराने काम करील असे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने निरनिराळ्या खाद्यपदार्थांची अशी नळीतील शक्ती दर्शविणारी सारणी प्रसिद्ध केली होती; परंतु जाहिरातदार तिचा गैरवापर करू लागल्याने आणि तिचा आरोग्याशी थेट संबंध दाखविता येत नसल्याने २०१२ साली ती मागे घेण्यात आली. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. बीटा कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी सुमारे १८ टक्क्यांनी अधिक आढळले. याचा अर्थ गाजर किंवा शेवगा खाऊ नये असा नव्हे. आहारातील घटक वेगळा आणि त्याचा गोळीतील मोठा डोस वेगळा, एवढाच याचा अर्थ आहे.

पाच परिचित वनस्पती

हळद. सांगली, वायगाव व वसमत येथील हळदीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन व त्याच्या जातीच्या द्रव्यांमुळे येतो. सामान्यतः वाळलेल्या हळकुंडात त्यांचे प्रमाण २ ते ५ टक्के असते. दाह वाढविणाऱ्या अनेक क्रियांना कर्क्युमिन अडथळा करते, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. थायलंडमध्ये गुडघ्याच्या झिजेने त्रस्त झालेल्या ३६७ रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. तीत दररोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क घेणाऱ्यांना ४ आठवड्यांत आयबुप्रोफेन घेणाऱ्यांइतकाच आराम पडला आणि पोटाचा त्रास तुलनेने कमी झाला.

मात्र अर्क व स्वयंपाकातील हळद यांत फरक आहे. चहाच्या एका चमच्यात सुमारे ३ ग्रॅम हळद धरली आणि तीत कर्क्युमिन ३ टक्के मानले, तर ते जेमतेम ९० मिलिग्रॅम भरते. शिवाय कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फार थोडे उतरते. मिऱ्यातील पिपेरिनमुळे त्याचे शोषण पुष्कळ वाढते, असे बंगलोर येथील संशोधकांनी १९९८ साली दाखविले. म्हणून हळद आहारात अवश्य असावी. परंतु दुधातील हळदीने जुना संधिवात बरा होईल असे आश्वासन कोणी कोणास देऊ नये. मिरे मिसळलेल्या तीव्र कर्क्युमिनच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊन यकृतास इजा झाल्याची उदाहरणेही नोंदली गेली आहेत.

आवळा. ताज्या आवळ्याच्या १०० ग्रॅम गरात जातीनुसार व तपासणीच्या पद्धतीनुसार सुमारे २५० ते ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आढळते. क जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते; परंतु आवळ्यात टॅनिन वर्गातील तुरट द्रव्ये भरपूर असून तीही ऑक्सिडीकरणास आळा घालतात. आवळ्याचे झाड हलक्या जमिनीत व कमी पाण्यावर तग धरते. म्हणून सुमारे ७०० मिलिमीटर पावसाच्या या जिल्ह्यात ते बांधास व पडीक तुकड्यास योग्य आहे.

शेवगा. शेवग्याच्या शेंगा बाजारात जातात आणि पाला मात्र पुष्कळदा शेळ्यांपुढे पडतो. वास्तविक पाल्यात बीटा कॅरोटिन, क्वेर्सेटिन व क्लोरोजेनिक आम्ल ही द्रव्ये असून प्रथिने व चुनाही चांगल्या प्रमाणात असतो. औषध म्हणून नव्हे, तर भाजी म्हणून शेवग्याचा पाला प्रत्येक घरी खाल्ला गेला पाहिजे. परसातील एक झाड कुटुंबाच्या गरजेस पुरते.

निर्गुडी. काही भागांत हिला निगडी म्हणतात. ओढ्यानाल्यांच्या काठी हिची झुडपे वाढतात. एका देठावर तीन किंवा पाच पर्णिका, पानाची खालची बाजू पांढुरकी, फुले निळसर जांभळी आणि चुरगळल्यास उग्र वास, या खुणांवरून ती ओळखावी. सुजलेल्या सांध्यावर निर्गुडीचा पाला गरम करून शेकण्याची चाल जुनी आहे. प्राण्यांवरील प्रयोगांत तिच्या पानांच्या अर्काने सूज कमी झाल्याचे दिसले आहे. माणसांवरील मोठ्या चाचण्या मात्र थोड्या आहेत. मुका मार किंवा आखडलेली कंबर यांसाठी शेक घेण्यास हरकत नाही. परंतु उघडी जखम, फोड किंवा पू झालेल्या जागी पाला बांधू नये. मधुमेही माणसाच्या पायास संवेदना कमी असते. त्याने कोणताही गरम शेक घेऊ नये. भाजल्याचे त्यास कळत नाही.

गुळवेल. कडुनिंबावर चढलेली गुळवेल उत्तम मानली जाते. हिची पाने हृदयाकृती, साल कागदासारखी सुटणारी असते आणि आडवे कापल्यास खोडात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. करोनाच्या साथीत हिचा काढा घरोघरी सुरू झाला. त्याच काळात ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील कातकरी युवकांनी गुळवेल गोळा करून, वाळवून औषध कंपन्यांना पुरविली व त्यातून रोजगार मिळविला. ही घटना उत्साहवर्धक आहे. परंतु दुसरी बाजूही आहे. मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या ६ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षास हरकत घेतली आणि गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेल्याची शक्यता दर्शविली. त्या दुसऱ्या जातीच्या खोडावर फोडांसारखे ठळक उंचवटे असतात. वाद कसाही सुटो, शेतकऱ्याने घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. वेल नीट ओळखावी. रोजचा काढा महिनोन् महिने घेऊ नये. ज्यांना यकृताचा विकार, संधिवातासारखा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार किंवा मधुमेहाचे औषध चालू आहे, त्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय ती घेऊच नये.

गुण टिकविण्याची रीत

वनस्पतीतील गुण तिच्या नावात नसून तिच्यातील द्रव्यांत असतो आणि निष्काळजीपणाने ती द्रव्ये नाहीशी होतात. या दृष्टीने पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. पाने दव उतरल्यावर तोडावीत, स्वच्छ पाण्याने धुऊन निथळावीत व सावलीत, वाहत्या हवेत पातळ थराने वाळवावीत. कडक उन्हात रंग व वास दोन्ही उडतात.

२. आवळ्याच्या फोडी सावलीत किंवा सौर वाळवणी यंत्रात वाळवाव्यात. लोखंडी भांडे वापरू नये. आवळा काळा पडतो.

३. हळदीचे कंद काढणीनंतर लवकर शिजवावेत. फेस येऊन हळदीचा विशिष्ट वास सुटला व कंदात काडी सहज शिरू लागली की शिजविणे थांबवावे. वाळलेल्या हळकुंडात १० टक्क्यांपेक्षा अधिक ओलावा राहू देऊ नये. कर्क्युमिन उजेडाने कमी होते. म्हणून माल अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावा. चकाकीसाठी बाहेरचा पिवळा रंग कदापि लावू नये. अशा काही रंगांत शिसे असते व ते मुलांच्या मेंदूस घातक ठरते.

४. पान मुठीत चुरले असता कुरकुरून मोडले पाहिजे. ओलसर माल पोत्यात भरल्यास बुरशी येते आणि औषधाचे विष होते.

५. सांडपाण्याच्या नाल्याकाठी, रहदारीच्या रस्त्यालगत किंवा नुकतीच फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरून औषधी पाला घेऊ नये. छावणीजवळून वाहणाऱ्या खाम नदीत शहराचे सांडपाणी दीर्घकाळ मिसळत आले आहे. तिच्या पुनरुज्जीवनाचे काम अलीकडे हाती घेण्यात आले. अशा प्रवाहाच्या काठी निर्गुडी कितीही जोमदार दिसली, तरी ती औषधास घेऊ नये.

६. गुळवेल कापताना जमिनीपासून सुमारे एक फूट खोड राखावे. झाडाची साल सभोवार सोलू नये. राखीव वनातून वनविभागाच्या परवानगीवाचून काहीही आणू नये.

लागवडीपूर्वी विक्रीचा विचार

औषधी वनस्पतींच्या लागवडीतून मोठा नफा होतो, असे सांगून महागडे बेणे विकणारे लोक अधूनमधून गावात येतात. २००० सालाच्या सुमारास सफेद मुसळीच्या बाबतीत हाच अनुभव आला. बेणे चढ्या दराने खपले. पण माल तयार झाल्यावर त्या दराने घेणारा मिळेना आणि अनेक शेतकरी कर्जात सापडले. म्हणून प्रथम खरेदीदार, त्याचा लेखी करार व मालाच्या प्रतीच्या अटी पाहाव्यात आणि मगच जमीन गुंतवावी. आरंभ बांधापासून करावा, मुख्य पिकाच्या जागी नव्हे. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली असून पश्चिम विभागासाठी त्याचे साहाय्य केंद्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आहे. स्थानिक मार्गदर्शन पैठण रस्त्यावरील कृषी विज्ञान केंद्रातून घ्यावे.

एका पेटंटची हकीकत

जखम भरण्यासाठी हळदीचा उपयोग आपल्या घराघरांत ठाऊक आहे. तरीही १९९५ साली अमेरिकेत याच उपयोगावर पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ एवढे सांगून भागण्यासारखे नव्हते; लेखी पुरावा हवा होता. परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला लेख पुढे केला. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. जे ज्ञान लिहून ठेवले होते, ते वाचले. गावातील वृद्ध स्त्री-पुरुषांना कोणती वनस्पती कशासाठी माहीत आहे, तिचे स्थानिक नाव काय, कोणता भाग कोणत्या ऋतूत घेतात, याची नोंद गावाच्या जैवविविधता नोंदवहीत व्हावी, हे काम म्हणूनच महत्त्वाचे आहे.

कार्यकर्त्यांनी काय सांगावे?

समजा, गुडघा सुजलेला एक वयस्क शेतकरी बाजारातून चूर्णाची पुडी घेऊन आला आणि म्हणाला, “दहा वर्षांचे दुखणे दोन दिवसांत पळाले.” अशा वेळी आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. वनस्पती इतक्या झपाट्याने जुनी सूज सहसा उतरवीत नाही. बिनलेबलच्या अशा चूर्णांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वारंवार उघडकीस आले आहेत. त्यांनी वेदना लगेच थांबते. पण पुढे चेहरा सुजतो, रक्तातील साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. असे चूर्ण बरेच दिवस घेतले असल्यास ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते. पुडी सोबत घेऊन रुग्णाने विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि काय घेतले, ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

पुढील लक्षणे असतील तर घरगुती उपाय करीत बसू नये : सुजेबरोबर ताप, एकच सांधा अकस्मात लाल व गरम होणे, मधुमेही माणसाच्या पायास जखम, डोळे किंवा लघवी पिवळी होणे, लहान मुलाची सूज. गरोदर स्त्रीस कोणताही काढा किंवा कोरफडीचा पिवळा चीक देऊ नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असणाऱ्यांनी हळदीचे अर्क टाळावेत.

या सर्वांचा इत्यर्थ असा की, बांधावरील वनस्पतींत गुण आहे. परंतु तो ओळख, प्रमाण व काळजी यांनी बांधलेला आहे. आवळा, शेवगा व हळद यांचे खरे स्थान औषधाच्या पुडीत नसून रोजच्या ताटात आहे. निर्गुडी शेकापुरती व गुळवेल जाणकाराच्या सल्ल्याने वापरावी. येत्या पावसाळ्यात प्रत्येक शेतकरी कुटुंबाने परसात एक शेवगा आणि बांधावर एक आवळा लावावा. पुढील गुरुवारी बाजारास जाताना पुडीसाठी बाजूला काढलेले पैसे गाठीशीच राहतील, आणि घरातील लेकरांच्या पोटात पाला व फळ जाईल.